एस्प्रेसो कॉफीची दोन यंत्रे

लग्नसराईचे दिवस आले, म्हणजे आपल्या जालना जिल्ह्यातील पुष्कळ मांडवांत एका कोपऱ्यास एक चकचकीत यंत्र उभे असलेले दृष्टीस पडते. धातूची एक बंद टाकी, तिच्याखाली गॅसची शेगडी, बाजूस एक बारीक नळी आणि त्या नळीतून सुटणारा वाफेचा फूत्कार, असे त्याचे स्वरूप असते. भांड्यातील दुधात ती नळी बुडविली की दूध क्षणार्धात तापते व फेसाने वर येते. वऱ्हाडी मंडळी या पेयास 'एक्स्प्रेसो कॉफी' म्हणतात. हे पेय गोड व उबदार असते आणि थंडीच्या रात्री ते कोणासही आवडावे यात नवल नाही. तथापि ज्या पेयाचे हे नाव आहे ते पेय या यंत्रातून निघतच नाही, ही गोष्ट फार थोड्यांच्या ध्यानात येते.

नावाच्या या घोटाळ्याने मांडवात कोणाचेच नुकसान होत नाही. परंतु शाळा सोडून व्यवसायात पडू इच्छिणारा एखादा तरुण कर्ज काढून कॉफीचे दुकान थाटू लागला, म्हणजे मात्र तो घोटाळा महाग पडतो. चकाकणाऱ्या यंत्रास भुलून तो बहुतेक सर्व भांडवल त्यातच ओततो, आणि कॉफी दळण्याच्या साधनाकडे मात्र 'तेवढे काहीतरी घेऊन टाकू' अशा वृत्तीने पाहतो. याचा परिणाम असा होतो की यंत्र उत्तम असूनही पेला बिघडतो, गिऱ्हाईक पुन्हा येत नाही आणि हप्ता तर थांबत नाही. म्हणून ही दोन्ही यंत्रे कशी जन्मास आली, ती कसे कार्य करतात आणि निवडताना काय पाहावे, याचा थोडक्यात विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम एस्प्रेसो म्हणजे काय ते पाहू. हा शब्द इटालियन भाषेतील आहे. दाबून काढलेले, त्वरित केलेले आणि मागणाऱ्यासाठी मुद्दाम केलेले, असे तिन्ही अर्थ त्यात ध्वनित होतात. भाजलेल्या कॉफीचे बारीक व ताजे चूर्ण धातूच्या लहान गाळणीत दाबून बसवावयाचे, आणि त्यातून सुमारे ९० अंश सेल्सियसचे पाणी वातावरणाच्या नऊपट दाबाने, पंचवीस ते तीस सेकंदांत पार करावयाचे. अशा रीतीने जो दाट, तांबूस फेसाचा, दोन-तीन घोटांचा अर्क निघतो तो एस्प्रेसो होय. मांडवातील यंत्र यांपैकी काहीच करीत नाही. ते केवळ वाफ निर्माण करते. कॉफी म्हणून पेल्यात पडते ती बहुधा कारखान्यातून आलेली, पाण्यात विरघळणारी तयार पूड. या यंत्राशेजारी कॉफी दळण्याचे साधन कधीही ठेवलेले नसते, हीच त्याची ओळख. जेथे दळण नाही तेथे एस्प्रेसो नाही, हे सूत्र वाचकांनी आरंभीच ध्यानात धरावे.

आता दळण्याच्या साधनाचा इतिहास पाहू. कॉफीचे दाणे, ज्यांस जुन्या मराठीत बुंद म्हणत, आपल्या देशात कसे आले याविषयी एक आख्यायिका प्रसिद्ध आहे. सतराव्या शतकात बाबा बुढन नावाच्या साधुपुरुषाने अरबस्तानातील मोखा बंदराहून सात दाणे आणून हल्लीच्या कर्नाटकातील चिकमगळूरच्या डोंगरात लावले, असे सांगतात. आजही भारतातील बहुतेक कॉफी दक्षिणेकडच्या डोंगरांतच पिकते. आपल्या महाराष्ट्रात अमरावती जिल्ह्यातील चिखलदऱ्यास कॉफीची झाडे आहेत, हे मात्र पुष्कळांस ठाऊक नसते.

बुंद भाजल्यावर ठिसूळ होतो, आणि फोडल्यावाचून त्याचा अर्क पाण्यात उतरत नाही. म्हणून कॉफीबरोबर खलबत्ता आला आणि त्यामागोमाग जाते आले. पुढे तुर्की लोकांनी पितळेच्या उभ्या, नळीसारख्या हातचक्क्या केल्या. त्या प्रवासात घोड्यावर बांधून नेता येत. युरोपात लाकडी पेटीवर लोखंडी दांडा बसविलेल्या चक्क्या घरोघर पसरल्या. फ्रान्समधील प्यूजो या कारखानदार घराण्याने १८४० साली कॉफीची चक्की करावयास आरंभ केला. त्याच घराण्याने पुढे मोटारगाड्या काढल्या. पोलाद पाजवून त्याचे कठीण दात पाडण्याची विद्या दोहोंस उपयोगी पडली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस विजेची चक्की निघाली आणि दांडा फिरविणाऱ्या हातास विश्रांती मिळाली.

या सर्व चक्क्यांचे तत्त्व आपल्या आजीच्या जात्याहून निराळे नाही. जात्यास दोन तळ्या असतात. खालची स्थिर आणि वरची फिरती. वरच्या तळीच्या तोंडात मूठमूठ दाणे घालावयाचे. ते मधून आत शिरतात, दोहोंमध्ये भरडले जातात, आणि कडेस येईपर्यंत त्यांचे पीठ होते. तळ्यांमधील अंतर जेवढे, तेवढाच मोठा कण कडेबाहेर पडू शकतो. भरडा हवा असेल तर वरची तळी किंचित उचलून धरण्याची युक्ती करितात. पीठ हवे असेल तर ती खाली बसू देतात. तळ्या गुळगुळीत झाल्या की दाणा घसरतो, दळण तापते आणि श्रम वाढतात. मग टाकीवाल्यास बोलावून दगडास टाकी लावून घ्यावी लागते. छत्रपती संभाजीनगर येथील प्रसिद्ध पाणचक्कीत हेच काम माणसाच्या हाताऐवजी नहरीचे पाणी करीत असे, आणि आजच्या पिठाच्या गिरणीत ते वीज करते. कॉफीच्या चांगल्या चक्कीत दगडाऐवजी पोलादाची दोन दातेरी चक्रे असतात. काहींत ती ताटलीसारखी सपाट असतात, तर काहींत एक शंकूच्या आकाराचे चक्र दुसऱ्या पोकळ चक्रात बसविलेले असते. दोन्ही प्रकार चांगले आहेत; भेद गुणाचा नसून चवीच्या छटेचा आहे.

याहून सर्वस्वी वेगळा प्रकार म्हणजे पात्याची चक्की. आपल्या स्वयंपाकघरातील मिक्सर तो हाच. त्यात दळणे नसते, तोडणे असते. पाते वेगाने फिरते व समोर येईल तो दाणा तोडते. कोणता दाणा किती वेळा तुटावा यास नियम नाही. त्यामुळे काही कण धुळीसारखे बारीक, तर काही मसुरीएवढे जाड राहतात. चटणीस हे चालते. एस्प्रेसोस चालत नाही, आणि ते का, हे समजण्यासाठी दुसऱ्या यंत्राकडे वळले पाहिजे.

हे दुसरे यंत्र इटलीत जन्मले. १८८४ साली तुरिन शहरात भरलेल्या प्रदर्शनात आंजेलो मोरिओंदो यांनी वाफेच्या साह्याने कॉफी करणारे एक यंत्र मांडले व त्याचे पेटंटही घेतले. ते एकाच वेळी पुष्कळ पेले करणारे होते. १९०१ साली मिलान येथील लुइजी बेझेरा यांनी निराळ्या यंत्राचे पेटंट घेतले. त्यात दांड्यास लावलेल्या लहान गाळणीत एका माणसापुरते चूर्ण भरून, त्याच्यादेखत त्याचा पेला तयार होई. देसिदेरियो पावोनी यांनी ते पेटंट विकत घेऊन अशी यंत्रे बाजारात आणली, आणि १९०६ सालच्या मिलानच्या मोठ्या प्रदर्शनात ती लोकांनी पाहिली.

या जुन्या यंत्रांत एक मूळचीच अडचण होती. त्यांतील पाण्यास दाब मिळे तो वाफेचा. भौतिकशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्यांस ठाऊक आहेच की बंद भांड्यात दाब वाढवावयाचा तर उष्णताही वाढवावी लागते. घरच्या प्रेशर कुकरमध्ये डाळ लवकर शिजते ती याच कारणाने. वातावरणाहून दीड बार अधिक दाब हवा असेल तर पाणी सुमारे १२७ अंशांपर्यंत तापते. नऊ बार अधिक हवा असेल तर ते सुमारे १८० अंशांवर न्यावे लागेल. एवढ्या तापलेल्या पाण्याने कॉफी करपून कडू होणारच! म्हणजे वाफेच्या बळावर दाब आणि चव या दोहोंचा मेळ बसणे शक्य नव्हते.

हा पेच मिलान येथील अकिले गॅजिया यांनी सोडविला. १९३८ साली त्यांनी पहिले पेटंट घेतले, आणि दुसरे महायुद्ध संपल्यावर, १९४७-४८ च्या सुमारास, त्यांचे तरफेचे यंत्र पुढे आले. यात पाणी तापविणे हे एक काम आणि दाबणे हे दुसरे, अशी वाटणी झाली. माणूस तरफ खाली ओढून एक बळकट कमान आवळतो; तरफ सोडली की कमान उलगडताना दट्ट्या पाण्यास चूर्णातून रेटतो. उष्णता ९० अंशांच्या आसपास राहते आणि दाब मात्र नऊ बारच्या घरात जातो. या दाबाने अर्कावर सायीसारखा तांबूस फेस प्रथमच दिसू लागला. नऊ बार म्हणजे किती, याचा अंदाज असा करावा : दुकानातील सामान्य गाळणीचा व्यास ५८ मिलिमीटर असतो, तेवढ्या वर्तुळावर पडणारा हा भार सुमारे २४० किलो भरतो. तळहाताएवढ्या जागेवर मोंढ्यातील जवळजवळ अडीच क्विंटल धान्य रचल्यासारखेच हे झाले.

१९६१ साली फाएमा या इटालियन कंपनीने 'ई ६१' नावाचे यंत्र काढले. त्यात कमानीचे काम विजेच्या पंपास दिले होते, त्यामुळे दाब माणसाच्या हाताच्या बळावर अवलंबून राहिला नाही. त्या वर्षी युरोपात दिसलेल्या सूर्यग्रहणावरून हे नाव ठेविले होते. आजच्या बहुतेक यंत्रांची घडण याच धर्तीवर आहे.

आता मुख्य मुद्दा. पंप पाण्यास ढकलतो हे खरे. परंतु दाब उत्पन्न व्हावयास ढकलणाऱ्याइतकीच अडविणाऱ्याचीही गरज असते. उघड्या नळाच्या तोंडावर बोट दाबल्यावाचून पाण्याची चिळकांडी दूर जात नाही. एस्प्रेसोत हे बोट म्हणजे चूर्ण होय. चूर्ण जाड असेल तर पाणी दहा सेकंदांत निसटते. दाब उभाच राहत नाही आणि पेला पाणचट व आंबट होतो. फार बारीक असेल तर पाणी तुंबते, थेंबथेंब गळते आणि अर्क कडू उतरतो. मिक्सरमधील धूळ आणि खडे यांच्या मिश्रणात तर दोन्ही दोष एकदम येतात : धुळीतून कडवटपणा आणि खड्यांतून आंबटपणा. शिवाय पाणी सोपी वाट शोधून चूर्णास भेगा पाडते ते वेगळेच.

कण बारीक केल्याने एवढा फरक का पडतो, हे एका सोप्या गणिताने दिसते. एक सेंटिमीटर बाजूच्या घनाचे पृष्ठफळ सहा चौरस सेंटिमीटर असते. त्याचेच एक मिलिमीटर बाजूचे एक हजार घन केले तर एकंदर पृष्ठफळ साठ चौरस सेंटिमीटर होते. वस्तू तीच, परंतु पाण्यास भेटणारा भाग दहापट. म्हणूनच दळणातील लहानसा फेरबदल पेल्यात ठळक उमटतो, आणि म्हणूनच एस्प्रेसोत चक्की ही यंत्राची दासी नसून जोडीदारीण आहे. आमच्या मते तर दोहोंत तिचाच मान पहिला.

आपल्याकडे ही दोन यंत्रे उशिरा आली. कॉफीचा प्रसार व्हावा म्हणून कॉफी सेस समितीने १९३६ साली मुंबईत चर्चगेट येथे इंडिया कॉफी हाउस काढले. त्या वेळी गॅजियांचे पहिले पेटंटही व्हावयाचे होते. १९५७ पासून कामगारांच्या सहकारी संस्थांनी अशी कॉफीगृहे चालविली. दक्षिणेत पितळी गाळणीची कॉफी घरोघर रुजली. मराठवाड्यात मात्र चहाचेच राज्य राहिले, आणि कॉफी आली ती बहुधा तयार पुडीच्या रूपाने. १९९६ साली बंगळूरच्या ब्रिगेड रोडवर कॅफे कॉफी डे या कंपनीचे पहिले दुकान निघाले; त्यानंतरच दाबाची खरी यंत्रे भारतातील लहानमोठ्या शहरांत दिसू लागली.

निवडीस बसणाऱ्याने प्रथम चक्की पाहावी. एकंदर रकमेचा निदान तिसरा हिस्सा तिच्यासाठी काढून ठेवावा आणि उरलेल्या पैशात जे यंत्र बसेल ते घ्यावे. उलट क्रम धरू नये. चक्कीची पारख आपल्या घरच्या शब्दांतच करता येते. भरड, जाडा रवा, बारीक रवा, पीठ आणि वस्त्रगाळ पीठ हे भेद आपल्या माता-भगिनी बोटांनी ओळखतात. भांड्यात भिजवून गाळण्याच्या कॉफीस जाड रव्यासारखे चूर्ण लागते, तुर्की कॉफीस पिठासारखे, आणि एस्प्रेसोस बारीक रवा व पीठ यांच्या मधले. ज्या चक्कीचे चाक किंचित फिरविले असता या मधल्या टप्प्यात पुष्कळ सूक्ष्म फरक करता येतात, ती घ्यावी. दळलेले चूर्ण चिमटीत चोळून पाहावे. त्यात खडे व धूळ निराळी लागली तर चक्की नाकारावी. आतील चक्रे सहज उघडून पुसता येतात की नाही हेही पाहावे, कारण मागे राहिलेले शिळे चूर्ण खवट होऊन नव्यास बिघडविते.

चक्रांच्या झिजेचा हिशेबही आधी करावा. दुहेरी पेल्यास सुमारे १८ ग्रॅम चूर्ण लागते. दिवसास असे पन्नास पेले गेले तर ९०० ग्रॅम, महिन्यास २७ किलो आणि वर्षास तीनशे किलोंहून अधिक दळण होते. पोलादी चक्रे काही शे किलो दळण झाल्यावर बोथट होतात. जात्यास टाकी लावता येत असे. येथे बहुधा नवी जोडीच बसवावी लागते. ती भारतात मिळते काय, आणि केवढ्यास, हे विकत घेण्यापूर्वी विचारावे. ज्या चक्कीची चक्रे मिळत नाहीत ती स्वस्त असली तरी महागच समजावी.

यंत्र निवडताना चार गोष्टी पाहाव्यात. पहिली, पाणी. आपल्याकडील कूपनलिकांचे पाणी बहुधा जड असते. चहाच्या भांड्यात जो पांढरा थर बसतो तोच यंत्राच्या बाष्पकात व बारीक नळ्यांत बसून त्यांस बंद करितो. घाणेवाडीचे पाणी असो, जायकवाडीचे असो की टँकरचे असो, ते तपासून व मृदू करूनच यंत्रास द्यावे. परंतु सर्व क्षार काढलेले पाणीही योग्य नव्हे. त्याने चव सपक होते, आणि काही यंत्रांतील पाण्याची पातळी मोजणारी कांडी पाण्यातील क्षारांमुळे वाहणाऱ्या विजेवरच चालते, ती चुकते. दुसरी गोष्ट, वीज. दोन मुखांच्या यंत्रास तीन ते चार किलोवॅट लागतात. घरगुती इन्व्हर्टरवर ते चालणार नाही. लहान दुकानास एका मुखाचे यंत्र पुष्कळ होते. तिसरी, दुरुस्ती. रबराची कडी, झडपा व पंप हे भाग झिजावयाचेच. ते बदलणारा कारागीर किती कोसांवर आहे, हे विक्रेत्याच्या गोड शब्दांहून अधिक महत्त्वाचे आहे. चौथी, सुरक्षितता. वाफेच्या प्रत्येक टाकीस दाबमापक व सुरक्षा-झडप असलीच पाहिजे, आणि ती झडप गळते म्हणून कोणी कधीही बांधून अगर ठोकून बंद करू नये. हा नियम मांडवातील यंत्रासही तितकाच लागू आहे. दाबलेली वाफ ही चेष्टेची वस्तू नव्हे.

विक्रेते पुष्कळदा 'पंधरा बार', 'वीस बार' असे मोठे आकडे सांगतात. हे आकडे पंपाच्या कमाल शक्तीचे असतात. चूर्णावर नऊच्या आसपासच दाब पाहिजे. त्याहून अधिक आकडा म्हणजे अधिक गुण नव्हे.

येथे असाही प्रश्न निघेल की ज्यास दुकान काढावयाचे नाही त्याने काय करावे? आमचे उत्तर सोपे आहे. त्याने दाबाचे यंत्र मुळीच घेऊ नये. एक चांगली हातचक्की व पितळी गाळणी एवढ्यावर घरात उत्तम कॉफी होते, आणि वीज गेली तरी अडत नाही. इटालियन लोकांच्या घरीही आल्फोन्सो बियालेत्ती यांनी १९३३ साली काढलेले चुलीवरचे लहान भांडे रोज वापरात असते. पूड विकत घ्यावयाची झाल्यास वेष्टण वाचावे, कारण कॉफीच्या मिश्रणात ४९ टक्क्यांपर्यंत चिकोरी घालण्यास आपल्या कायद्याची मुभा आहे. दाणे घेऊन पेल्यापुरते दळणाऱ्यास ही शंका उरत नाही. शिवाय भाजलेल्या दाण्यात आठवडेच्या आठवडे टिकणारा सुवास दळल्यावर काही तासांतच उडू लागतो, तोही त्यास पुरता मिळतो.

सारांश, तापविणे, दाबणे व दळणे या तीन कामांपैकी पहिली दोन यंत्र करिते, आणि त्या दोहोंचे फळ तिसऱ्यावर अवलंबून असते. यंत्राची चकाकी गिऱ्हाइकास एकदा आत आणील; त्यास दुसऱ्यांदा आणणारी वस्तू म्हणजे एकसारखे दळण. पहाटे उठून जात्यावर बसणाऱ्या आपल्या आज्यांस पीठ पाहून भाकरी कशी होईल हे सांगता येत असे. व्यवसायात पडणाऱ्या आमच्या तरुण वाचकांनी तीच दृष्टी कॉफीच्या बाबतीत ठेविली, तर कर्जाचा रुपया योग्य जागी पडेल, आणि जालन्यात खरा एस्प्रेसो कोठे मिळतो असे कोणी विचारल्यास त्यांच्या दुकानाकडे बोट दाखविता येईल.